तांबडीची खडखड

मोटार इतकी हळू चालवणारा माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही. बरं, मोटारही साधीसुधी नव्हे. विलायती, पुढे दोन माणसांची आणि मागे एकाला बसायची उघडी बैठक, बिनछपराची, शर्यतीत पळवतात तसली. लांबलचक नाक, तारांची चाकं, रंग तांबडाभडक. देवळाली कॅम्पातला कुणी गोरा साहेब मायदेशी निघाला, त्याच्याकडून डॉक्टरांनी ती घेतली होती. साहेबाच्या हाती असताना ती म्हणे भन्नाट सुटायची आणि रस्त्यातल्या कोंबड्या मारायची. डॉक्टरांच्या हाती आली आणि गरीब गाय झाली. टांगेवाले घंटी वाजवून तिच्या पुढे काढायचे आणि जाता जाता विचारायचे, "काय डॉक्टर, येऊ का ओढायला?" डॉक्टर हात वर करून हसायचे. राग म्हणून नाही त्या माणसाला.

मला मात्र यायचा. म्हणायची, "अहो डॉक्टर, एकदा तरी त्या मेल्याच्या पुढे काढा ना!" तर म्हणायचे, "वहिनी, त्याला स्टेशनावर गिऱ्हाईक गाठायचंय. मला काय घाई?"

आम्ही तेव्हा नाशिकला त्र्यंबक दरवाज्याबाहेर राहायचो. इंग्रजांचं राज्य, तिसाच्या पुढची सालं. एक लांब कौलारू घर, मधोमध भिंत. अलीकडे आम्ही, पलीकडे डॉक्टर, अंगण मात्र एकच. आमचे हे शाळेत मास्तर. मी घोटीची, लग्न होऊन आले त्याला फार वर्षं झाली नव्हती. जीभ तेव्हाही अशीच तिखट होती, आता वयानं काही उतरली नाही.

डॉक्टर पन्नाशीला टेकलेले, अंगानं काटकुळे, डोक्यावर टक्कल. बारा महिने अंगात एकच काळा कोट. त्याच्या वरच्या खिशात थर्मामीटर आणि खालच्या खिशात मोटारीचा पाना. एकदा एक म्हातारा तोंडात थर्मामीटर घ्यायला आ वासून बसला होता आणि डॉक्टरांचा हात चुकून खालच्या खिशात गेला. पाना पार ओठापर्यंत नेला होता. म्हातारा घाबरून म्हणाला, "डॉक्टर, येवढा ताप नाही हो मला!" ही गोष्ट डॉक्टर स्वतःच सगळ्यांना सांगत सुटायचे आणि सांगताना डोळ्यांत पाणी येईस्तो हसायचे. धोतरावर कायम तेलाचे डाग. चहा घ्यायला आमच्या ओट्यावर यायचे तेव्हा मी आधी चुलीतली राख त्यांच्या हातावर घालायची. काळ्या हातांनी माझ्या बशीला शिवायचं नाही, असा दंडक होता. तो त्यांनी निमूट पाळला.

कुणी काहीही दुखणं सांगितलं की त्यांचं उत्तर ठरलेलं: "होईल हो." खोकला असो, मोडलेलं हाड असो, नाहीतर सुनेशी न पटणं असो. ते असं काही म्हणायचे, की ऐकणाऱ्याचं अर्धं दुखणं तिथंच उतरायचं. माझ्या पहिल्या बाळंतपणात ताप चढला होता आणि मी जगते की नाही अशी गत झाली होती. तेव्हाही उशाशी बसून हेच म्हणाले. आणि झालं.

त्यांच्या घरात बाई नव्हती. बायको जाऊन बारा-तेरा वर्षं लोटलेली. मुलगी एकच, कुसुम. तिला त्यांनी एकट्यानं वाढवलं. न्हाऊमाखू घालण्यापासून वेणीफणीपर्यंत सगळं स्वतः. तिपेडी वेणी अशी घालायचे, की एक केस इकडचा तिकडे होणार नाही. कुसुम मला सांगायची, "शाळेत मुली विचारायच्या, तुझी आई किती छान वेणी घालते गं! मी म्हणायची, हो." ती माझ्याहून चार वर्षांनी लहान, पण माझी मैत्रीणच. मधल्या भिंतीवर थाप मारायची आणि भांडं घासता घासता पलीकडून बोलत बसायची. तिचं लग्न सिन्नरला झालं आणि भिंत एकदम मुकी झाली.

कुसुमची आई कशी गेली, ते डॉक्टरांनी मला एकदाच सांगितलं. दुसऱ्या खेपेला ती माहेरी चांदवडला गेली होती. दिवस भरायच्या आत पोटात दुखायला लागलं. निरोप आला तेव्हा डॉक्टर भलत्याच कुणाच्या बायकोला बाळंतपणातून सोडवत होते. ती सुटली, मग हे निघाले. मिळेल त्या गाडीनं, मिळेल त्या बैलांनी गेले. पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. "मी असतो तर काही करू शकलो असतो की नाही, ठाऊक नाही वहिनी," ते म्हणाले. "पण मी तिथं नव्हतो." हे सांगताना ते बशीकडे बघत होते. चहा तसाच निवला.

मोटारीचं वेडही त्यातलंच. लग्नानंतर केव्हातरी देवळालीला एक मडम उघड्या मोटारीतून गेली, ती बघून बायको म्हणाली होती, "अशात बसल्यावर कसं वाटत असेल हो?" नुसतं म्हणाली होती. मागितलं नव्हतं. त्यानंतर इतक्या वर्षांनी साहेबाची मोटार विकायला आहे म्हटल्यावर डॉक्टर गेले आणि घेऊन आले. लोक म्हणाले, डॉक्टरला म्हातारचळ लागला. मीही म्हणाले होते, कारण मला तोवर काही ठाऊक नव्हतं.

तर कुसुमला दिवस गेले. डॉक्टरांना त्या बातमीनं काय झालं म्हणून सांगू! त्यांनी स्वतःच्या हातानं घराला सफेदी दिली. कोपऱ्यातली खोली रिकामी केली. बाज आणली, दोऱ्या आवळल्या, शेगडीसाठी कोळसा भरला. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. मलाही त्यांनी आधीच विचारून ठेवलं: "वहिनी, अंगाला लावायला, शेक द्यायला तुम्ही याल ना?" मी म्हटलं, "हे काय विचारणं झालं? कुसुमसाठी मी रात्रंदिवस उभी राहीन." या खेपेला सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर होणार होतं. तेवढं एकच मागणं होतं त्या माणसाचं देवाकडे. दुसरं कधी काही मागितलेलं मी ऐकलं नाही.

आणि इथं ती खडखड आडवी आली.

कुसुमच्या सासूबाई पर्वणीच्या स्नानाला नाशिकला गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, आल्या होत्या. परत जाताना डॉक्टर म्हणाले, विहीणबाई, मी सोडतो मोटारीनं. बाई पुढे बसल्या, जावई मागच्या उघड्या बैठकीत. सिन्नरला उतरल्या त्या कपाळाला हात लावूनच. म्हणाल्या, "ही मोटार आहे की भांड्यांची गाडी? सबंध वाट बुडाखाली कुणी डबे बडवत होतं. या खडखडाटात मी माझी सून पाठवायची नाही. पोटातलं पोर दचकून जाईल."

डॉक्टर म्हणाले, खडखड थांबवतो.

"थांबवा. थांबली की न्यायला या," बाई म्हणाल्या.

झालं! डॉक्टरांनी ते वाक्य मंत्रासारखं धरलं. बस सर्व्हिसच्या मोटारीत माणसं मेंढरांसारखी कोंबत, बैलगाडीच्या हिसक्यांचं तर नावच नको. म्हणजे कुसुम येणार ती तांबडीतूनच, आणि तांबडी गप्प झाल्याशिवाय नाही. आठवा लागायच्या आत न्यायचं, म्हणजे हाताशी दीड-दोन महिने होते.

पण गंमत अशी, की घरी आल्यावर खडखड नाही! डॉक्टर गंगापूरच्या रस्त्यानं गेले, आले. काही नाही. पांडवलेण्यांपर्यंत गेले, आले. मोटार गुमान. मी म्हटलं, "डॉक्टर, त्या बाईच्या मनात पाठवायचं नाही, म्हणून काढलंय खुसपट." डॉक्टर म्हणाले, "नाही हो वहिनी, मीही ऐकलंय ते त्या दिवशी. पेशंट खोटं बोलत नाही. दुखणं लपतं." अस्सं म्हणून पुन्हा मोटारीखाली.

उलगडा आमच्या ह्यांच्यामुळे झाला. एका सकाळी ह्यांना शाळेला उशीर झाला, म्हणून डॉक्टर म्हणाले, चला सोडतो. हे डाव्या बाजूला बसले, मोटार कोपऱ्यावर वळली आणि खडखडखडखड! मी ओट्यावरून ऐकलं. डॉक्टर तिथंच थांबले, उतरले आणि पळत आले. "वहिनी, आली! आली! विहीणबाई खरं बोलत होत्या!" इतका आनंद, जसा काही मुलगा झाला. आमचे हे बिचारे मोटारीत बसून राहिले आणि शाळेची घंटा तिकडे होऊन गेली.

मोटारीत डॉक्टर एकटे असले की ती बोलायचीच नाही. शेजारी कुणी बसलं की खडखड सुरू. आणि शेजारी कोण बसणार होतं त्यांच्या? म्हणून इतके दिवस कळलं नव्हतं.

आता शोधायचं तर शेजारी सारखं कुणीतरी हवं. रोज रोज कोण बसणार? म्हणून डॉक्टरांनी बाजरीचं पोतं बसवलं. ते वळणावर कलंडायला लागलं, तेव्हा घरात शोधून पेटीतून बायकोचं जुनं नऊवारी काढलं आणि त्यानं ते बैठकीला बांधलं. हिरवं, लाल काठांचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणी ठेंगणीठुसकी बाई डोक्यावरून पदर घेऊन बसलीय. आठ दिवस डॉक्टर त्या पोत्याला घेऊन गावभर हिंडत होते, कान खाली करून. मेनरोडनं, रविवार कारंज्यावरून, पुलावरून पंचवटीत. नाशिक केवढंसं तेव्हा! गंगेवर धुणं धुताना एकीनं मला हळूच विचारलंच, "काय गं, तुमच्या डॉक्टरांनी म्हणे बाई ठेवली?"

मी म्हटलं, "हो तर! पायलीनं मोजून घेतलीय. दळली की भाकरी खायला ये."

संध्याकाळी डॉक्टरांना सांगितलं तर पोट धरून हसले. मग लुगड्याची गाठ सोडली. ते लुगडं त्यांनी घडी घालून परत पेटीत ठेवलं नाही. खुंटीला टांगून ठेवलं.

त्यानंतर त्यांच्या डोक्यात आलं, की धुराच्या नळीला पुढे तो सायलेन्सरचा पिंप असतो ना, त्याची शिवण उकललीय आणि आतले पत्रे वाजताहेत. उकललं होतं खरं थोडं. आता ते बुजवायचं कशानं? समोर करीमभाई गवंडी एका घराचं काम करत होता. त्याचा माल तयार होता: चुना, गूळ, थोडी मेथी, सगळं चुन्याच्या घाणीत दळून काढलेलं. डॉक्टर घमेलं घेऊन गेले. करीमभाईही तसलाच उत्साही. म्हणाला, "डॉक्टरसाब, हा माल किल्ल्याची भिंत धरतो. तुमची नळी काय चीज हाय?" दोघांनी मिळून लिंपली. चांगला बोट-बोट जाड थर दिला. दोन दिवस सुकवली, वर ओलं फडकं टाकून, भिंतीला टाकतात तसं. मी म्हटलं, "डॉक्टर, आता हिला नीळ घालून रंगही देऊन टाका."

तिसऱ्या दिवशी मोटार चालू केली. नळी तापली आणि गूळ पाकाला आला! अहो, काय वास सुटला म्हणता! सगळ्या आळीत गुऱ्हाळ लागल्यासारखा. पोरं वाट्या घेऊन धावली. मग गूळ करपला, काळा धूर आला, चुना तडकला आणि त्याचे खडे त्या पिंपात आत पडले. आता पोतं न बसवताही मोटार वाजायला लागली. आणि मुंग्या! डॉक्टर पेशंट बघायला कुठंही गेले की तिथल्या मुंग्यांना खबर लागायची. चाकावरून रांग वर. एका सोवळ्या आजीबाईंनी तर फाटकातूनच परत पाठवलं: औषध नको, पण ती मुंग्यांची गाडी दारात नको. करीमभाई खांदे उडवून म्हणाला, "भिंत कुठं तापते डॉक्टरसाब? हे ध्यानातच नाय आलं." डॉक्टर म्हणाले, "माझ्याही नाही." आणि दोघं खडे काढत बसले.

हसता हसता दिवस मात्र चालले होते. सिन्नरहून जावयांचा निरोप आला, की आठवा लागतोय, आता नाही नेलं तर पुढे हलवता येणार नाही. त्या दिवशी डॉक्टर पहिल्यांदा माझ्यावर खेकसले. मी नेहमीसारखं काहीतरी बोलले असेन, तर म्हणाले, "वहिनी, थट्टा पुरे." लगेच ओशाळले. पण मला कळलं, त्यांचं जेवण सुटलंय. डोळे खोल गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बघते तर मोटार चालू, हे गृहस्थ तिच्याखाली गोणपाटावर उताणे आणि कानांत रोग्याची छाती तपासायची नळी! तिचं टोक धुराच्या नळीवर, सायलेन्सरवर, चौकटीच्या लोखंडावर, जागोजाग. तोंडानं म्हणताहेत, "हं. इथं नाही. हं. इथंही नाही." खोकायला सांगायचं तेवढं राहिलं होतं. मग डोकं बाहेर काढून म्हणाले, "वहिनी, पोतं हलत नाही. माणूस हलतं. तुम्ही जरा बसाल का?"

मी कुठली बसायला! परपुरुषाच्या मोटारीत, भर अंगणात, आळी बघतेय. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पेपरातून मान वर करून म्हणाले, "बस की. डॉक्टर खाली आहेत, मी इथं आहे." पदर खोचला आणि बसले.

त्या बैठकीत मऊ चामड्यात रुतून बसले आणि मला एकाएकी माझे वडील आठवले. घोटीला त्यांचा भाताचा व्यापार, दारात दोन बैलगाड्या कायम. पण मला दिवस गेले तेव्हा न्यायला कुणी आलं नाही. आईमागे घरात दुसरी आई होती, तिनं येऊ दिलं नसेल, काय असेल ते असो. मी सातव्या महिन्यापासून या ओट्यावर बसून रस्त्याकडे बघायची. प्रत्येक बैलगाडीला वाटायचं, आपली. एकही आपली निघाली नाही. आणि इथं हा माणूस मुलीला आणायचं म्हणून लोखंडाची नाडी बघत बसला होता. मला त्या क्षणी कुसुमचा हेवा वाटला. असा बाप मला असता तर, हे तेव्हाही मनात आलं आणि आज इतकी म्हातारी झाले तरी येतं.

"डावीकडे झुका," खालून आवाज आला. झुकले. "उजवीकडे. हं. आता हसा."

"कशाला हसू?"

"हसलं की माणूस हलतं. हसा हो!"

असं सांगून कुणाला हसू येतं? पण खाली बघितलं तर मोटारीखालून दोन काटकुळे पाय, एका पायातली वहाण सुटलेली आणि अंगठ्यावर मुंगळा चढलेला. मला असं हसू फुटलं की थांबेना. आणि मोटार खडखडखडखड!

"थांबा! नाही, थांबू नका! सापडलं!"

दुखणं भलतीकडेच होतं. नळी ज्या लोखंडी पट्टीनं वर टांगलेली असते ती ताणून लांब झाली होती. डॉक्टर एकटे उजवीकडे चाकाशी बसले की नळी अधांतरी राहायची. डाव्या बाजूला कुणी बसलं की तिकडची चौकट दबायची आणि नळी तिच्या आडव्या लोखंडावर आपटायची. बस्स, एवढंच. डॉक्टरांनी ती पट्टी काढली, अंगणातल्या पाट्यावर ठेवून स्वतः ठोकून आखूड केली आणि मळेकऱ्याकडून मोटेचं जुनं चामडं आणून त्याची घडी मध्ये घातली. शिवण मारावी तसं तारेनं आवळलं. सायलेन्सरही उघडून आतले पत्रे पक्के केले. मग मला बसवून, ह्यांना मागे बसवून, वर पोतंही टाकून त्र्यंबक रस्त्यानं नेलं. मी मुद्दाम हसले, उड्या मारल्या. काही नाही. फक्त इंजिनाची घरघर. डॉक्टरांनी मोटार थांबवली, खाली उतरून तिच्या नाकावरून हात फिरवला. मग कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं, सगळं काळं झालं. तशा काळ्या तोंडानं हसत म्हणाले, "वहिनी, उद्या सिन्नर."

मुलाला नणंदेकडे सोपवून मी बरोबर निघाले, कारण अवघडलेल्या बाईबरोबर बाई हवी. मी पुढे, आमचे हे मागच्या बैठकीत. येताना कुसुम पुढे बसणार, मी मागे आणि हे बस सर्व्हिसनं येणार, असं ठरलं होतं. डॉक्टरांनी कोट धुऊन इस्त्री केलेला. बैठकीवर दोन उशा, पायांशी घोंगडी, पाण्याची सुरई. मोहदरीचा घाट मोटार असा चढली, की ह्यांनाही कौतुक वाटलं. डॉक्टर तर सबंध वाट बोलत होते. कुसुम लहानपणी काय म्हणायची, तिच्या आईचे डोळे कसे होते, बाळाचा पाळणा कुठं टांगायचा. इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

कुसुमच्या सासूबाई दारात आल्या. डॉक्टर म्हणाले, "विहीणबाई, बसून बघा." बाई खरंच बसल्या. डॉक्टरांनी गावाबाहेर नेऊन आणलं. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा असा उतरलेला, की मला वाटलं मोटार लागली. ओसरीवर येऊन बसल्या.

मग म्हणाल्या, "मला वाटलं होतं, थांबायची नाही ती."

डॉक्टरांना कळेना. मला कळलं आणि माझं डोकं सणकलं. तोंड उघडणार तेवढ्यात बाई पुढे बोलल्या, पण आवाज निराळाच. "व्याहीबुवा, तुम्हाला माझी थोरली सून ठाऊक नाही. ती पहिल्या खेपेला माहेरी गेली. मीच पाठवली, खणानारळानं ओटी भरून. ती परत आली नाही. तेव्हा मी शपथ घेतली, पुन्हा दाराबाहेर पाठवीन तर. तोंडानं नाही म्हणवेना, बाप न्यायला येतोय म्हटल्यावर. म्हणून मोटारीचं निमित्त केलं." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "मला भीती वाटते हो. बाकी काही नाही."

मी म्हटलं, "अहो, पण हे डॉक्टर आहेत! आणि मी आहे ना घरात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डॉक्टरांकडे बघत होत्या. आणि डॉक्टर? दुसरा कुणी असता तर भांडला असता. पण माहेरी पाठवलेली यांचीही बायको परत आली नव्हती. म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

"तुम्ही इथं येऊन राहा म्हटलं असतं," बाई म्हणाल्या, "पण लेकीला मूल होईस्तोवर बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही. लोक काय म्हणतील?"

"हो. ते खरंच," डॉक्टर म्हणाले.

कुसुम आतून आली. पोट हे एवढं, चेहरा सुकलेला, हातात पाण्याचा तांब्या. तिनं सगळं ऐकलं होतं. उन्हातून आलेल्या बापाला पाणी द्यायची सवय, तिनं तांब्या पुढे केला. डॉक्टरांचा हात वर आला. त्यांनी विहीणबाईंकडे बघितलं, मग खाली घेतला. ते पाणी पिऊन निघून गेले असते, पण मागे बोलणी कुसुमला खावी लागली असती. ती तशीच उभी, हात पुढे करून. मग काय वाटलं तिला कुणास ठाऊक, ओसरी उतरून अंगणात गेली. "अण्णा, झाकण उघडा," म्हणाली. डॉक्टरांनी फडक्यानं मोटारीच्या नाकावरचं, इंजिनात पाणी घालायचं झाकण फिरवलं. कुसुमनं तांब्या त्यात ओतला. सावकाश, एक थेंब न सांडता. "निदान हिनं तरी प्यावं माझ्या हातचं," म्हणाली.

डॉक्टरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मागून वेणी पुढे ओढून बघितली, चांगली घातलीय ना म्हणून. "होईल हो," म्हणाले. आम्ही निघालो.

पुढचं इथंच सांगून टाकते. कुसुम सिन्नरला सुखरूप बाळंत झाली, मुलगा झाला. विहीणबाईंनी तिला तळहातावर ठेवलं, खोटं कशाला बोलू? डॉक्टर बाराव्या दिवशी बारशाला गेले. बाळंतपणात ते तिथं नव्हते. त्याच उन्हाळ्यात आमची धुळ्याला बदली झाली आणि मग काही वर्षांनी डॉक्टर गेल्याचं तिकडेच कानावर आलं, तेही जातायेता कुणीतरी सांगितलं म्हणून. मला धड कुणाजवळ रडताही आलं नाही, कारण ते माझे कोण होते? डोळे मिटले की मला डॉक्टर दिसतात, ते त्या परतीच्या वाटेवरचे.

घाट उतरून मोटार सपाटीला लागली. ऊन कलतं झालं होतं. उशा मी मांडीवर घेतल्या होत्या. मागे आमच्या ह्यांचा डोळा लागला होता. इंजिनाची मंद घरघर, बाकी काही आवाज नाही. मध्येच मला वाटलं, काहीतरी पुन्हा सैल झालं. बारीक, थांबून थांबून येणारा आवाज होता. मी कान दिला. मोटारीचा नव्हता.

डॉक्टर रडत होते. दोन्ही हात चाकावर, नजर समोर रस्त्यावर आणि तोंड घट्ट मिटलेलं. मला ऐकू जात असेल हे त्यांच्या ध्यानीही नसावं. आधीची खडखड असती तर ते रडणं तिच्याखाली बुडून गेलं असतं. ती त्यांनी स्वतःच्या हातांनी घालवली होती. मी तोंड दुसरीकडे फिरवलं, आणि नाशिक येईस्तोवर उगीचच शेतांकडे बघत राहिले.